ऑफिसचा लॅपटॉप काय काय बघतो? पहिल्या नोकरीत रुजू होणाऱ्यांसाठी

'गेल्या दोन आठवड्यांत आपला ॲक्टिव्ह टाइम टीमच्या सरासरीपेक्षा कमी आहे. कारण कळवावे.' घरून काम चालू होतं तेव्हाची, माझ्या दुसऱ्या नोकरीतली ही मेल. मी टेस्टिंगमध्ये आहे. त्या दोन आठवड्यांत एक भलंमोठं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट स्क्रीनवर उघडून, शेजारी वही घेऊन टेस्ट केसेस काढत बसले होते. डोळे चालत होते, पेन चालत होतं, माऊस मात्र पंधरा-पंधरा मिनिटं जागचा हलत नव्हता. ट्रॅकरच्या हिशेबात मी तेवढा वेळ झोपलेली.

खरा धक्का पुढे बसला. एचआरला तणतणत फोन केला तर तिकडून शांतपणे उत्तर आलं, 'मॅडम, पॉलिसीत आहे, तुमची सही आहे.' खरंच होती. जॉइनिंगच्या दिवशी कँटीनमधला चहा गार होऊ नये म्हणून भराभर केलेल्या सह्यांपैकी एक.

त्यानंतर मी हा विषय चिकाटीने समजून घेतला. वकील नाही मी, पण कागद वाचले, आयटी टीममधल्या दोघांना चहा पाजून प्रश्न विचारले, आणि एकदा रीतसर उत्तर देऊन तो शेराही मागे घ्यायला लावला. दर जून-जुलैत हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात नवी मुलं रुजू होतात आणि तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट पक्की करा. मशीन कंपनीचं आहे आणि कंपनी त्यावर लक्ष ठेवू शकते. 'हे बेकायदा आहे' असं ओरडत गेलात तर पहिल्याच वाक्यात हराल. भांडायला जागा आहे ती पुढच्या चार प्रश्नांत: काय नोंदवता, कशासाठी, किती दिवस ठेवता आणि ते कोण बघतं?

हाताशी काय ठेवायचं

ऑफर लेटर आणि नियुक्तीपत्र. कर्मचारी हँडबुक. 'ॲक्सेप्टेबल यूज पॉलिसी' किंवा 'आयटी सिक्युरिटी पॉलिसी' या नावाचा कागद. कर्मचाऱ्यांसाठी वेगळी प्रायव्हसी नोटीस असेल तर ती. लॅपटॉप ताब्यात घेताना सही केलेला फॉर्म, ज्यावर मशीनचा सीरियल नंबर असतो. आणि एक साधी दोनशे पानी वही. वही कशाला, ते सातव्या पायरीत कळेल.

१. सहीआधी चार शब्द शोधा

अख्खी पॉलिसी कोणी वाचत नाही, मीही वाचत नाही. पण पीडीएफ उघडून चार शब्द शोधायला पाच मिनिटं लागतात: मॉनिटरिंग, रेकॉर्डिंग, पर्सनल डिव्हाइस आणि रिटेन्शन.

'मॉनिटरिंग'पाशी काय लिहिलंय ते नीट बघा. 'कंपनी सिस्टीमच्या वापरावर देखरेख ठेवू शकते' हे एक गुळमुळीत वाक्य असेल, तर त्यात काहीही बसू शकतं. 'स्क्रीनशॉट', 'कीस्ट्रोक' (म्हणजे दाबलेली कळ), 'वेबकॅम' हे शब्द स्पष्ट असतील तर उलट बरं, निदान काय चाललंय ते कळतं. 'पर्सनल डिव्हाइस'पाशी तुमचा स्वतःचा फोन दूरून पुसून टाकण्याचा अधिकार कंपनीने घेतलाय का, ते बघा. 'रिटेन्शन'पाशी नोंदी किती दिवस ठेवणार याची मुदत लिहिलेली असते. बहुतेक वेळा नसतेच. ती नाही, हेही वहीत टिपून ठेवा.

सही केल्यावर त्या दिवशीच्या पॉलिसीची प्रत मागा. एचआर पोर्टलवरची पॉलिसी वर्षभराने बदलते आणि जुनी गायब होते. पोर्टलवरून स्वतःची प्रत डाउनलोड करायला परवानगी आहे का हे विचारून घ्या. नियुक्तीपत्रासोबतच्या जोडपत्रांना सहसा असते.

२. मशीनवर काय बसवलंय ते ओळखा

सगळे याला सरसकट 'ट्रॅकर' म्हणतात. प्रत्यक्षात पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी असतात, आणि त्या वेगळ्या ओळखल्या नाहीत तर नको तिथे घाबराल आणि घाबरायचं तिथे बिनधास्त राहाल.

पहिली, मशीन सांभाळणारी व्यवस्था, म्हणजे एमडीएम. मायक्रोसॉफ्टचं इंट्यून हे नेहमीचं. पासवर्ड किती लांब असावा, कोणतं सॉफ्टवेअर टाकता येईल, लॅपटॉप चोरीला गेला तर दूरून कुलूप कसं घालायचं, हे तिचं काम. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल' उघडलंत की कंपनीचं नाव दिसतं. नव्या मॅकमध्ये सिस्टीम सेटिंग्ज, जनरल, 'डिव्हाइस मॅनेजमेंट'. क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत अगदी तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' अशी ओळ असेल तर तिच्यावर टिचकी मारा. ब्राउझरवर कंपनीचं काय काय चालतं त्याची यादीच येते.

दुसरी, सुरक्षेचा एजंट, म्हणजे पडद्याआड सतत चालणारा छोटा प्रोग्राम. क्राउडस्ट्राइक फाल्कन, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर वगैरे. कोणता प्रोग्राम चालला, तो कुठे जोडला गेला, याची नोंद हा ठेवतो. त्याचा रोख व्हायरसवर असतो, तुमच्या चहाच्या सुट्टीशी त्याला घेणंदेणं नसतं.

तिसरी डीएलपी, म्हणजे कंपनीची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून बसवलेली राखण. पेन ड्राइव्ह लावला, ऑफिसची फाइल स्वतःच्या जीमेलला पाठवली, गूगल ड्राइव्हवर चढवली की हिची घंटा वाजते. माझ्या बघण्यात नव्या मुलांच्या नोकऱ्या सगळ्यात जास्त या घंटेने गेल्या आहेत. बहुतेकांचा हेतू 'घरी जाऊन बघतो' इतकाच होता.

चौथी, वेब प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या आणि इंटरनेटच्या मधला नाका. झीस्केलर हे नाव आयटीत सगळ्यांना माहीत आहे. कोणती साइट उघडली हे तर यातून कळतंच. शिवाय कंपनीने मशीनवर स्वतःचं रूट सर्टिफिकेट टाकलं असेल तर कुलूपबंद साइटवरचा मजकूरही मध्येच उघडून तपासता येतो. पडताळा घेणं सोपं आहे. ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर टिचकी मारून त्या साइटचं सर्टिफिकेट उघडा. ते कोणी दिलंय तिथे ओळखीच्या सर्टिफिकेट कंपनीऐवजी तुमच्या कंपनीचं किंवा झीस्केलरचं नाव असेल, तर मधे कोणीतरी बसलंय. बँकांच्या साइट यातून वगळण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती गृहीत मात्र धरू नका.

पाचवा खरा ट्रॅकर: हबस्टाफ, टाइम डॉक्टर, ॲक्टिवट्रॅक, टेरामाइंड, प्रोहान्स. सेपियन्स तर आपल्या पुण्यातच जन्मलेलं. कोणती खिडकी किती वेळ समोर होती, माऊस-कीबोर्ड किती हलला, हे यातले बहुतेक मोजतात. काही ठरावीक वेळाने स्क्रीनचा फोटो काढतात. हबस्टाफसारखे कळा किती दाबल्या तेवढंच मोजतात; टेरामाइंडसारख्यांत काय टाइप केलं तेही नोंदवायची सोय असते. म्हणून 'ट्रॅकर आहे का' एवढं विचारून भागत नाही. त्यातलं कोणतं बटण चालू आहे, ते विचारावं लागतं.

सहावं टीम्स आणि स्लॅक. टीम्सवर पाच मिनिटं हालचाल नसली की हिरवा ठिपका पिवळा होतो, हे सगळ्यांना पाठ आहे. 'प्रायव्हेट चॅट'मधलं प्रायव्हेट हे सहकाऱ्यांपुरतंच असतं, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. कंपनीने ठरवलं तर ॲडमिनच्या शोध-साधनांतून ते चॅट बाहेर काढता येतं, आणि पॉलिसीप्रमाणे साठवण चालू असेल तर तुम्ही पुसलेलं सुद्धा. मॅनेजरबद्दलची मळमळ टीम्सवर ओकू नका. कँटीन कशासाठी आहे?

टास्क मॅनेजरमध्ये काही दिसलं नाही म्हणजे काही नाही, असं समजू नका. बरेच एजंट दिसणार नाहीत असेच बसवलेले असतात.

आणि क्लायंटच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरच्या खिडकीत उघडणाऱ्या त्यांच्या दूरच्या मशीनवर, काम करत असाल तर पहारा दुहेरी. बाहेरच्या मशीनवर तुमची कंपनी, आतल्यावर क्लायंट. दोघांच्या पॉलिसी वेगळ्या. क्लायंटची सहसा जास्त कडक असते आणि तीच कोणी वाचायला देत नाही. प्रोजेक्टवर पडल्या दिवशी लीडकडून मागून घ्या.

३. आपलं आणि ऑफिसचं वेगळं करा, पहिल्याच दिवशी

इथे सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केली. ऑफिसच्या क्रोममध्ये स्वतःच्या जीमेलने साइन-इन केलं आणि 'सिंक चालू करू का' याला 'हो' म्हटलं. पाच मिनिटांत माझे सगळे बुकमार्क, आठ वर्षांची हिस्टरी आणि घरच्या वीजबिलापासून म्युच्युअल फंडापर्यंतचे जतन केलेले पासवर्ड त्या मशीनवर उतरले. कंपनीने मागितलेच नव्हते, मीच आणून ठेवले.

तेव्हा ऑफिसच्या मशीनवर घरचं जीमेल नको, सिंक तर नकोच. व्हॉट्सॲप वेब नको. व्हॉट्सॲपचे मेसेज वाटेत कुलूपबंद असतात हे खरं, पण स्क्रीनचा फोटो काढणाऱ्याला कुलूप आडवं येत नाही. समोर उघडं दिसतं ते त्यालाही दिसतं. नेटबँकिंग, इन्कम टॅक्स, डॉक्टरांचे रिपोर्ट, आणि मुख्य म्हणजे नोकरी शोधणं, हे सगळं स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर. नव्या नोकरीचा रेझ्युमे जुन्या कंपनीच्या लॅपटॉपवर बनवणारे महाभाग मी तीन पाहिले आहेत.

इन्कॉग्निटोने काय साधतं? त्या ब्राउझरच्या हिस्टरीत नोंद राहत नाही, एवढंच. प्रॉक्सीला, एजंटला आणि स्क्रीनशॉटला काही फरक पडत नाही.

घरून काम करताना कॅमेऱ्याचाही विचार करा. काही ट्रॅकर हजेरीसाठी वेबकॅमचा फोटो घेतात. आपल्याकडे वन-बीएचकेत मागे देव्हारा, बाजूला आई भाजी निवडत बसलेली, असाच प्रकार असतो. तिने कुठल्याच पॉलिसीवर सही केलेली नाही. भिंतीकडे पाठ करून बसा, लेन्सवर सरकतं झाकण लावा (पन्नास-शंभर रुपयांत मिळतं), आणि फोटोची सक्ती असेल तर लेखी पर्याय मागा.

४. स्वतःचा फोन: 'अलाउ' दाबण्याआधी थांबा

ऑफिसची मेल फोनवर घ्यायची असेल तर अँड्रॉइडमध्ये 'वर्क प्रोफाइल' मागा. ऑफिसच्या ॲपवर छोटी ब्रीफकेस दिसते, ते आणि तुमची बाजू वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. फोन तुमचा असेल तर कंपनीला ब्रीफकेसच्या खोलीतलंच दिसतं आणि नोकरी सोडताना तेवढंच पुसलं जातं. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट' इथे काय बसलंय ते कळतं.

याउलट, मेल जोडताना फोन 'डिव्हाइस ॲडमिनिस्ट्रेटर' अशी परवानगी मागत असेल आणि यादीत 'सर्व डेटा पुसणे' असं काही दिसलं, तर मागे फिरा. माझ्या एका सहकाऱ्याने ते न वाचता दाबलं होतं. नोकरी सोडली त्या संध्याकाळी ऑफिसने मेल काढायला म्हणून आज्ञा सोडली आणि अख्खा फोन कोरा झाला. पोरीच्या बारशाचे फोटो त्यातच होते, बॅकअप नव्हता.

ऑफिसच्या वायफायवर स्वतःचा फोन जोडलात तर मजकूर नाही, पण कोणत्या साइटशी जोडला गेलात ते नेटवर्कला समजू शकतं. जिओ-एअरटेलचा दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा त्यासाठीच वापरा.

५. कायदा: थोडा कंटाळवाणा, पण हाच भाग उपयोगी पडतो

'प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे ना?' हो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात तसं एकमताने सांगितलं. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारच्या विरोधात उभा राहतो. सरकारी कार्यालयात किंवा सार्वजनिक उपक्रमात असाल तर तो थेट कामाचा. खासगी कंपनीविरुद्ध 'कलम २१' म्हणत सरळ हायकोर्ट गाठणं सहसा जमत नाही. तिथे साधे कायदे आणि तुमचा करार बघावा लागतो.

सध्या चालतो तो माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. त्याचं कलम ४३-अ आणि त्याखालचे २०११ चे नियम संवेदनशील माहितीबद्दल बोलतात: पासवर्ड, बँकेचे तपशील, आरोग्य, वैद्यकीय नोंदी, लैंगिक कल, बायोमेट्रिक. ही माहिती घ्यायची तर लेखी संमती हवी, हेतू सांगायला हवा, आणि कामापुरतीच ठेवायला हवी. बोटाच्या ठशाची किंवा चेहऱ्याची हजेरी यात येते. ट्रॅकरने टाइप केलेला पासवर्ड नोंदवला तर तोही येतो, आणि एचआरशी बोलताना हा मुद्दा सगळ्यात चटकन लागू पडतो. शिवाय प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यायचा, आणि त्याने महिन्याभरात तक्रार निकाली काढायची, असं हेच नियम सांगतात. वेबसाइटच्या पार तळाशी, बारीक अक्षरांत, 'ग्रिव्हन्स ऑफिसर' शोधा. माहिती हलगर्जीपणे हाताळल्याने नुकसान झालं तर पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, मांडता येतात. करारात हाती आलेली तुमची माहिती कोणी जाणूनबुजून बाहेर फोडली तर कलम ७२-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरा कायदा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत. तेव्हा ४३-अ ची जागा हा घेईल. याच्याबद्दल समाजमाध्यमांवर फार फुगवून लिहिलं जातं, म्हणून नोकरदाराला नेमकं काय मिळतं ते बघा. कलम ७ मध्ये 'नोकरीच्या कारणासाठी' किंवा कंपनीला नुकसानीपासून, हेरगिरीपासून, गुपितं फुटण्यापासून वाचवण्यासाठी तुमची माहिती संमतीविना वापरायची मुभा दिली आहे. माझी कोणती माहिती आहे ती दाखवा, दुरुस्त करा, पुसा, हे कलम ११ आणि १२ चे हक्क संमतीने दिलेल्या माहितीला जोडलेले आहेत. म्हणजे कंपनीने 'आम्ही कलम ७ खाली करतोय' म्हटलं की तो दरवाजा बराचसा लोटला जातो. मला विचाराल तर या कायद्यातली ही सगळ्यात मोठी फट, आणि 'नोकरीच्या कारणासाठी' म्हणजे नेमकं काय याची व्याख्याही त्यात नाही.

उरतं काय? माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कंपनीवर राहतेच. त्यात कुचराई झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. तो सरकारजमा होतो, तुमच्या खात्यात नाही. माहिती फुटली तर तुम्हाला कळवायलाच हवं. कलम १३ खाली कंपनीकडे तक्रार करता येते, उत्तराला जास्तीत जास्त ९० दिवस, आणि मग डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येतं. मात्र खोटी किंवा उगाच केलेली तक्रार अंगाशी येते, दहा हजार रुपयांपर्यंत.

आणि एक तलवार तुमच्याकडे रोखलेली: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातून माहिती काढणं, ती पुसणं किंवा यंत्रणा बिघडवणं हा गुन्हा तुमच्यावर लागू शकतो. म्हणून एजंट बंद पाडणे, काढून टाकणे, पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम चालवणे, असले उद्योग करू नका.

६. विचारायचं कसं

तोंडी विचारलंत तर 'सगळीकडे असंच असतं' हे उत्तर ठरलेलं. मेल करा, सूर साधा ठेवा, आरोप नको. तुम्ही इंग्रजीतच लिहाल, पण मुद्दे असे:

'नमस्कार, मी अमुक तारखेला रुजू झाले. मला दिलेल्या लॅपटॉपवर कोणत्या प्रकारची देखरेख आहे हे समजून घ्यायचे आहे, म्हणजे मी पॉलिसी नीट पाळू शकेन. कृपया कळवावे: (१) स्क्रीनशॉट, कीस्ट्रोक, वेबकॅम किंवा आवाज यांपैकी काही नोंदवले जाते का, (२) ही नोंद कोणत्या कामासाठी वापरली जाते, आणि मूल्यमापनात तिचा उपयोग होतो का, (३) ती किती दिवस ठेवली जाते, (४) ती कोणाला बघता येते, बाहेरच्या कंपनीकडे जाते का, (५) कामाच्या वेळेनंतर नोंद थांबते का.'

'म्हणजे मी पॉलिसी नीट पाळू शकेन' हे शब्द गाळू नका. त्यामुळे तुम्ही भांडखोर न ठरता शिस्तीचे ठरता. प्रोबेशनवर असाल तर एकट्याने न पाठवता टीममधल्या चौघांनी टाउन हॉलमध्ये प्रश्न म्हणून विचारलं तरी चालतं.

विचारल्याने फरक पडतो का? २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर' या वापर मोजणाऱ्या सोयीमध्ये कर्मचाऱ्यांचे आकडे नावानिशी दाखवले होते. आरडाओरडा झाला आणि थोड्याच दिवसांत नावं काढली. माझ्या त्या ऑफिसात पाचव्या प्रश्नाने गंमत केली: ट्रॅकर रात्रीही चालू राहतो हे खुद्द एचआरलाच माहीत नव्हतं. आठवड्याभरात ते बंद झालं.

७. मेमो आलाच तर

पहिला नियम, त्याच दिवशी उत्तर देऊ नका. पोच द्या, 'दोन-तीन दिवसांत सविस्तर कळवते' म्हणा.

दुसरा, आकड्यामागचा तपशील मागा. कोणते दिवस, कोणते तास, 'ॲक्टिव्ह'ची व्याख्या काय, मीटिंग आणि फोनवरचा वेळ त्यात धरला का. टीम्सवर तासभर फक्त ऐकत बसलेला माणूसही काही ट्रॅकरांना निष्क्रिय वाटतो.

तिसरा, वही काढा. रोज संध्याकाळी दोन ओळी: काय वाचलं, कोणाशी बोललं, वीज किती वाजता गेली, नेट कधी बंद होतं. त्या मेलला मी जे उत्तर दिलं ते या वहीवरच. तारखेनुसार किती टेस्ट केसेस दिल्या, त्यातून किती बग निघाले, शेजारी ट्रॅकरचे मिनिटांचे आकडे. ज्या दिवशी सगळ्यात कमी 'ॲक्टिव्ह' होते त्याच दिवशीचं काम सगळ्यात जास्त भरलं. मॅनेजरने एका ओळीत शेरा मागे घेतला. सॉरी वगैरे म्हणाला नाही, अपेक्षाही नव्हती. वहीत क्लायंटचं नाव, डेटा, पासवर्ड असलं काही लिहू नका, नाहीतर वहीच पुरावा होईल, तुमच्याविरुद्ध.

चौथा, पुरावा म्हणून ऑफिसच्या मेल स्वतःच्या जीमेलला ढकलू नका. डीएलपीची घंटा आठवते ना? मूळ तक्रार राहते बाजूला आणि गोपनीयता भंगाचं प्रकरण उभं राहतं. मेलची तारीख, वेळ, विषय वहीत टिपा. गरज पडली तर ती मेल चौकशीत मागवता येते.

माऊस हलवणारं खेळणं विकत घेण्याचा मोह होईल. ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत मिळतं, यूट्यूबवर पंख्याला माऊस बांधण्याचे प्रकारही आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचं भासवल्यावरून डझनभराहून जास्त लोकांना काढलं. कमी 'ॲक्टिव्ह टाइम' हा चर्चेचा विषय असतो. बनवाबनवी हा सचोटीचा विषय होतो, आणि तो रिलीव्हिंग लेटरपर्यंत पाठ सोडत नाही.

प्रकरण चौकशीपर्यंत गेलं तर आरोप लेखी मागा, ज्या नोंदींवर आरोप आहे त्या बघायला मागा, आणि बाजू मांडायला वेळ मागा. राजीनाम्याचा तयार मसुदा पुढे सरकवून 'आत्ताच सही करा, रेकॉर्ड स्वच्छ राहील' असं म्हणतात. सही न करता घरी या, रात्र जाऊ द्या, कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. पुण्यात आयटीवाल्यांसाठी नाइट्ससारख्या संघटना आहेत, कामगार आयुक्त कार्यालयातही अर्ज देता येतो. तुम्ही कायद्याच्या व्याख्येतले 'कामगार' ठरता की नाही, हे हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष कामावरून ठरतं, म्हणून 'तू तर लीड आहेस, तुला लागू नाही' एवढ्यावर गप्प बसू नका.

८. ऑनसाइट जाणाऱ्यांसाठी थोडं

तिकडचे नियम तिकडे गेल्यावर लागू होतात. इथे बसून जर्मन क्लायंटचं काम केलं म्हणून जर्मन कायदा आपोआप पाठीशी येत नाही.

युरोपात गेलात तर बार्बुलेस्कू हे नाव लक्षात ठेवा. रुमानियातल्या या विक्री अभियंत्याला कामासाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवर खासगी बोलल्याबद्दल २००७ मध्ये काढलं होतं. कंपनीने पुढे केलेल्या ४५ पानी नोंदीत भाऊ आणि वाग्दत्त वधूशी झालेलं बोलणं होतं. खासगी वापराला बंदी आहे हे त्याला माहीत होतं. पण देखरेख किती खोलवर चालते, मजकूर वाचला जातो, हे आधी सांगितलं होतं का, याची रुमानियाच्या कोर्टांनी नीट छाननी केली नाही. ५ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या ग्रँड चेंबरने त्याच्या बाजूने निकाल दिला. जर्मनीत कर्मचाऱ्यांवर नजर ठेवणारं तंत्र आणायचं तर कंपनीतल्या कामगार परिषदेला निर्णयात सहभागी करावं लागतं. हँबुर्गच्या डेटा आयुक्तांनी २०२० मध्ये एच अँड एमला ३.५३ कोटी युरो दंड केला, कारण न्यूरेंबर्गच्या केंद्रात कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या आणि घरगुती गोष्टी लिहून ठेवल्या जात होत्या. ब्रिटनमध्ये 'माझ्याबद्दलची माहिती द्या' असा अर्ज केला की साधारण महिन्यात उत्तर द्यावं लागतं. अमेरिकेत राज्याराज्यांत फरक. न्यूयॉर्कमध्ये ७ मे २०२२ पासून मेल, फोन, इंटरनेटवरच्या देखरेखीची लेखी सूचना रुजू होतानाच देऊन पोच घ्यावी लागते.

९. नोकरी सोडताना

नोटीस पिरियड सुरू झाला की देखरेख वाढते हे धरून चाला. त्या काळात जाणारी प्रत्येक मोठी फाइल कोणीतरी बघतं. म्हणून आवराआवर राजीनाम्याच्या आधीच करा: चुकून तिथे राहिलेले स्वतःचे फोटो, पॅनची प्रत, पगारपत्रकं, फॉर्म १६. पीएफचा यूएएन आणि एचआर पोर्टलला ऑफिसची मेल जोडलेली असेल तर ती बदलून घरची द्या, नाहीतर पुढचं ओटीपी मेलेल्या खात्यावर जाईल. ब्राउझरमधून स्वतःच्या खात्यांतून बाहेर पडा, मग फोनवरून त्यांचे पासवर्ड बदला.

लॅपटॉप मात्र फॉरमॅट करून देऊ नका. 'माझं काही राहू नये' म्हणून मैत्रिणीने फॅक्टरी रीसेट मारला, आणि कंपनीचा डेटा नष्ट केल्याच्या संशयावरून तिचं एफ अँड एफ, म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशेब, दोन महिने अडकलं. आहे तसा द्या. आयटी डेस्कवर देत असाल तर सीरियल नंबर, चार्जर, बॅग असं लिहून घेऊन शिक्का मारलेली पावती घ्या. कुरियरने पाठवत असाल तर पॅक करताना फोटो काढा, डॉकेट नंबरची मेल एचआरला करा आणि 'मिळाला' असं लेखी येईपर्यंत तो फोटो फोनमधून काढू नका.